टॅरो शिकताना: सुटी कार्डं कळतात, स्प्रेड मांडला की गाडी अडते

निळी_शाई
गेले चार महिने टॅरो शिकतेय. डेक, म्हणजे ७८ चित्रांच्या कार्डांचा संच, रायडर-वेट-स्मिथचा. रोज सकाळी एक कार्ड काढायचं, आधी चित्र नीट बघायचं, मग वहीत दोन-चार ओळी लिहायच्या, ही सवय आता अंगवळणी पडली आहे. २२ मेजर आर्काना, म्हणजे डेथ, टॉवर अशी नाव असलेली मोठी कार्डं, बऱ्यापैकी ओळखीची झालीत. बाकीच्या ५६ मायनरच्या चार रंगांपैकी कप्स (पेले) आणि सोर्ड्स (तलवारी) जमतात, पेंटॅकल्स (नाणी) आणि वाँड्स (काठ्या) अजून पुस्तकात बघावे लागतात. राजा-राणी-नाइट-पेज ही मंडळी समोर आली की मात्र हमखास दांडी उडते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. परवा धीर करून पहिल्यांदा केल्टिक क्रॉस हा दहा कार्डांचा स्प्रेड, म्हणजे मांडणी, मांडला. दहाही कार्डांचे अर्थ ओळीने लिहून काढले. पान भरलं, आणि वाचून पाहिलं तर दहा अनोळखी माणसं एकाच खोलीत आपापलं बोलत बसल्यासारखं वाटलं. त्यातून एक धड वाक्य तयार होईना.

म्हणून विचारते:
कोणत्या स्प्रेडपासून सुरुवात करावी? कार्डं एकमेकांना जोडायची कशी? आणि उलटी (डोकं खाली आलेली) कार्डं सुरुवातीपासून धरावीत का?

टॅरोवर विश्वास नसलेल्यांनीही लिहावं, मला राग नाही. फक्त मूळ प्रश्न हरवू देऊ नका.

काजवा
मीही याच नावेत बसलोय. वाचत राहतो.

उंबरठा
बारा वर्षं कार्डं हाताळतेय, त्यावरून सांगते. तू म्हटलेलं चालेल ना?

केल्टिक क्रॉस चौथ्या महिन्यात अडणारच. त्यात दहा जागा आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जागा दुसऱ्या एखाद्या जागेशी बांधलेली आहे. पहिलं आणि आडवं दुसरं एकत्र वाचायचं. वरचं आणि खालचं एकत्र: मनात उघड काय आहे आणि तळाशी काय आहे. मागचं आणि पुढचं एकत्र. उभ्या चार कार्डांत 'मी' आणि 'माझ्या भोवतालचे' ही जोडी. नववं, म्हणजे आशा आणि भीती, दहाव्याशी लावून बघायचं. म्हणजे दहा अर्थ लिहिण्यापेक्षा पाच जोड्या वाचायच्या असतात. पुस्तकं जागांची यादी देतात, जोड्या फार थोडी सांगतात.

पण माझं ऐकशील तर वर्षभर तीन कार्डांच्या पुढे जाऊ नकोस. आणि तीन म्हटलं की भूत-वर्तमान-भविष्य हेच घ्यायचं असं नाही. मला तर नवशिक्यांसाठी ते सगळ्यात अवघड वाटतं, कारण 'भविष्य' या जागेवर कार्ड पडलं की माणूस वाचायचं सोडून भाकीत करायला लागतो. त्यापेक्षा परिस्थिती – अडथळा – सल्ला हे घे. किंवा एक वाट – दुसरी वाट – मला न दिसणारी गोष्ट.

स्प्रेडमधली प्रत्येक जागा हा एक छोटा प्रश्न असतो. चिठ्ठ्यांवर ते प्रश्न आधी लिही, चिठ्ठ्या मांड, मगच कार्डं काढ. बघ फरक पडतो का.

रानवारा
उंबरठाताई, एक वर्ष तीन कार्डं? जरा जास्तच होतंय. मी दुसऱ्याच महिन्यात केल्टिक क्रॉस मांडायला लागलो. चुकलो, पण चुकत चुकतच त्या जागा डोक्यात बसल्या. पोहायला शिकणाऱ्याला किती दिवस काठावर बसवायचं?

उंबरठा
@रानवारा, काठावर नाही हो, कंबरभर पाण्यात! तीन कार्डांतही बुडायला पुरेसं पाणी असतं.

जुनं_दप्तर
केल्टिक क्रॉसचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास.

ही मांडणी सर्वदूर पोचली ती ए. ई. वेट यांच्या १९११ च्या 'पिक्टोरियल की टू द टॅरो' या पुस्तकामुळे. तिथे तिला 'प्राचीन केल्टिक पद्धत' म्हटलं आहे. आता पत्ते युरोपात पोचले तेच चौदाव्या शतकात. त्यामुळे प्राचीन केल्ट लोक पत्ते मांडून बसले असण्याचा प्रश्नच येत नाही. नाव तेवढं चिकटलं.

त्याच पुस्तकात एक बारकावा आहे, तो निळी_शाई यांना उपयोगी पडेल. वेट आधी प्रश्नकर्त्याचं एक कार्ड निवडून मधोमध ठेवतात, त्याला सिग्निफिकेटर म्हणतात, आणि उरलेल्या ७७ मधून दहा काढतात. 'मागे' आणि 'पुढे' या जागा त्या मधल्या कार्डावरची व्यक्ती कुठे बघते त्यावर ठरतात. तिची पाठ ज्या बाजूला तो भूतकाळ, तोंड ज्या बाजूला ते येणारं. आज बहुतेक जण सिग्निफिकेटर ठेवतच नाहीत, म्हणून डावं-उजवं कायमचं ठरवून टाकलं गेलं, आणि तेही प्रत्येक पुस्तकात वेगळं. दोन पुस्तकं समोर ठेवून शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो तो इथेच. एक क्रम धरा आणि तोच वापरा.

आणि टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून आला हे कुठे वाचलंत तर सोडून द्या. ती कल्पना फ्रान्समधल्या कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये मांडली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. टॅरोचा खरा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीतला, आणि तोही खेळण्यासाठी. हुकमाच्या पानांसारखी ती २२ पानं होती. टॅरोचा पत्त्यांचा डाव फ्रान्समध्ये आजही खेळला जातो.

काजवा
म्हणजे डेथ आणि टॉवर ही मुळात हुकमाची पानं! आता कमी भीती वाटेल.

निळी_शाई
@उंबरठा, तू म्हटलेलं चालेल, आवडेलच. चिठ्ठ्यांची युक्ती आज करून बघते.
@जुनं_दप्तर, माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत आणि दोन्हींत तिसरं-चौथं-पाचवं वेगवेगळ्या जागी आहे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

अजून एक. माझ्या मांडणीत दहापैकी सहा कप्स आले होते आणि त्यातले तीन क्रमाने, फोर-फाइव्ह-सिक्स. याचा काही विशेष अर्थ?

मोजमाप
विशेष अर्थ असा की डेक नीट पिसला गेला नाही.

नवा डेक खोक्यातून निघतो तो क्रमवार. कप्स सगळे एकत्र, वाँड्स सगळे एकत्र. टॅरोची कार्डं मोठी, हातात मावत नाहीत, त्यामुळे आपण एका हातातली थोडी-थोडी कार्डं दुसऱ्या हातात टाकत पिसतो. या पद्धतीने पत्ते फार हळू मिसळतात, शेजारी शेजारीच राहतात. दोन भाग करून कडा एकमेकांत फडफडवत घालण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये काम केलं. ५२ पत्त्यांना तसं सुमारे सात वेळा पिसावं लागतं. टॅरोत ७८ आहेत, म्हणजे त्याहून थोडं जास्त. कार्डं वाकतील अशी भीती वाटत असेल तर सगळी उपडी जमिनीवर पसरा, दोन्ही हातांनी गोल गोल कालवा, मग गोळा करा. लहान मुलं पत्ते कालवतात तसं. सगळ्यात सोपं तेच.

आता थोडे आकडे देतो, कारण नवशिक्यांना 'हे इतकं कसं काय आलं' असा धक्का बसतो तो बऱ्याचदा आकडे माहीत नसल्यामुळे.

दहा कार्डांच्या मांडणीत सरासरी जवळपास तीन मेजर येतात. तीन कार्डं काढली तर निदान एक मेजर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. डेथ कार्ड दहाच्या मांडणीत साधारण आठांतून एकदा येणारच. आणि रोज एक कार्ड काढून परत डेकमध्ये मिसळणाऱ्यांनो, अकरा दिवसांत एखादं कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त आहे. 'हे कार्ड माझा पाठलाग करतंय' असं वाटायच्या आधी हे लक्षात असू द्या.

तीन कार्डांच्या मांडण्या, क्रम धरून, ४,५६,४५६ होतात. पाठांतराने हे होणं शक्य नाही, जोडायलाच शिकावं लागेल. तेवढा तुमचा प्रश्न रास्त आहे.

शंकासूर
माझा टॅरोवर भविष्य सांगणारं साधन म्हणून अजिबात विश्वास नाही. तरीही निळी_शाई यांनी बोलावलं आहे म्हणून लिहितो.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक स्वभावचित्र दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. मोघम बोलणं आपण आपल्या मापाचं करून घेतो.

तेव्हा शिकायचंच असेल तर एवढं करा: मांडणी वाचली की त्याच दिवशी, त्याच वेळी, स्पष्ट वाक्यांत लिहून तारीख घाला. 'बदल होईल' असं लिहू नका, कसला बदल ते लिहा. महिन्याने पाहा. नंतर अर्थ ताणून बसवण्याचा मोह तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

रानवारा
शंकासूर नाव घेऊन आलात, मला वाटलं आता तलवारी निघणार. पण तुम्ही तर उत्तम गृहपाठ दिलात!

उंबरठा
शंकासूर यांना अनुमोदन. माझ्या वह्या आहेत बारा वर्षांच्या. जुन्या वाचल्या की कळतं, कार्डांनी काय सांगितलं यापेक्षा मला तेव्हा काय ऐकायचं होतं ते तिथे जास्त उतरलंय. मला त्याचाही उपयोग झाला.

तिठा
अवांतर होईल, पण मी मार्सेय डेक वापरतो. त्यात मायनर कार्डांवर चित्र-प्रसंग नसतात, पाच कप म्हणजे नुसते पाच कप. तिथे अंक आणि रंग एवढ्यावरच वाचावं लागतं. जोडायला शिकायचं तर याच्यासारखा गुरू नाही असं माझं ठाम मत आहे.

स्ट्रेंग्थ आणि जस्टिसचे क्रमांकही लक्षात ठेवा. मार्सेयमध्ये जस्टिस ८ आणि स्ट्रेंग्थ ११, वेट यांनी अदलाबदल करून स्ट्रेंग्थ ८, जस्टिस ११ केलं. वेगवेगळी पुस्तकं चाळताना अडखळायला होतं.

जुनं_दप्तर
@तिठा, तुमचा मुद्दा मान्य, पण सुरुवात करणाऱ्याला चित्रं हवीत. आणि ती चित्रं जिच्यामुळे मिळाली तिचं नाव इथे अजून कुणी सुटं घेतलेलं नाही: पामेला कोलमन स्मिथ. १९०९ मध्ये रायडर कंपनीने डेक काढला, त्याची सगळी ७८ चित्रं तिची. मायनर कार्डांवर बोलके प्रसंग रंगवले म्हणून तर आज आपण 'तो माणूस कुठे बघतोय' असं वाचू शकतो. त्याच वर्षीच्या एका पत्रात तिने लिहिलंय की काम मोठं होतं आणि पैसे फार थोडे. १९५१ मध्ये ती गेली तोवर या डेकने तिला काहीच दिलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. कार्डाच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही असते, ती शोधा एकदा. डेकचं नाव घेताना 'स्मिथ' गाळू नका एवढी विनंती. निळी_शाई यांनी पहिल्याच ओळीत ते पूर्ण लिहिलंय, म्हणून बरं वाटलं.

निळी_शाई
सही सापडली! चार महिने हातात डेक आहे आणि मला ती गवताची काडी वाटत होती.

अबोली_मी
बराच वेळ लिहू की नको करत होते.

चार वर्षांपूर्वी एका वाईट काळात मी पैसे देऊन रीडिंग घेतलं होतं. मांडणीत टॉवर आणि टेन ऑफ सोर्ड्स शेजारी आले. समोरच्या व्यक्तीने चेहरा गंभीर करून सांगितलं की घरावर मोठं संकट आहे, टाळायचं तर आणखी दोन बैठका घ्याव्या लागतील. मी घेतल्या. सहा महिने फोन वाजला की पोटात गोळा यायचा. संकट काही आलं नाही, पण ते सहा महिने गेले ते गेलेच.

मग मी स्वतः डेक घेतला आणि दुसऱ्या टोकाला गेले. एकच प्रश्न, एका रात्रीत अकरा वेळा मांडला. हवं ते कार्ड येईपर्यंत. ते आल्यावर खात्रीसाठी बारावं.

त्यातून शिकलेलं एवढंच सांगते. परिस्थितीत काहीतरी खरोखर बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा मांडायचा नाही. स्पष्टीकरणासाठी जादा कार्ड काढायचं झालं तर एकच, तेही पहिल्या कार्डावर निदान दहा मिनिटं घालवल्यावर. आजार, औषधं, कोर्टकचेरी हे कार्डांना विचारायचं नाही, ज्याचं त्याला विचारायचं. आणि रात्री, रडवेल्या मनाने डेक उघडायचाच नाही.

उंबरठा
अबोली, हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. भीती दाखवून पुढची बैठक विकणारा माणूस कार्डं वाचतच नसतो.

काजवा
'खात्रीसाठी बारावं' हे वाचून थांबलो. मी सातव्यापर्यंत गेलोय.

रानवारा
उलट्या कार्डांचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. धरा, पहिल्या दिवसापासून धरा. नंतर धरायला गेलं की ७८ नवे अर्थ शिकायचं ओझं वाटतं. उलटं कार्ड म्हणजे उलटा अर्थ असं नसतं. तोच अर्थ, पण अडलेला, उशिरा येणारा किंवा आत वळलेला. नळ तोच, तोटी अर्धी बंद.

तिठा
माझं बरोबर उलट मत. सुलट ७८ कार्डांतच उजेड-अंधार दोन्ही आहेत. फाइव्ह ऑफ कप्सला आणखी उलटं करून काय मिळवायचं? सांडलेले तीन पेले समोर, उभे दोन पाठीमागे. दोन्ही गोष्टी चित्रातच आहेत. कोणतं दिसतंय ते जागा आणि शेजारचं कार्ड सांगेल.

उंबरठा
मी दोन्ही करून पाहिलं. आता धरत नाही. पण हे ज्याचं त्याने ठरवावं, फक्त पिसायच्या आधी ठरवावं. कार्ड उलटं आलेलं बघून 'जाऊ दे, आज धरत नाही' असं नको.

निळी_शाई
तुम्हा सगळ्यांचं ऐकून काल तीन कार्डं मांडली. जमिनीवर पसरून कालवली, चिठ्ठ्या लिहिल्या, उलटी धरायची नाहीत हे आधी ठरवलं. आणि तरी अडले. इथे मांडते, मदत करा.

प्रश्न: शाळेपासूनची एक मैत्रीण, तीन वर्षं बोलणं बंद आहे. मोठं भांडण असं नाही, एका गोष्टीवरून दोघीही गप्प झालो. मला काय समजून घ्यायला हवं?

परिस्थिती: टू ऑफ सोर्ड्स.
अडथळा: सिक्स ऑफ कप्स.
सल्ला: टेन ऑफ सोर्ड्स.

पहिलं कळलं. डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारींची फुली, पाठीमागे समुद्र. मीच ती. पण सिक्स ऑफ कप्स इतकं गोड कार्ड, बालपण, आठवणी, फुलांनी भरलेले पेले, ते अडथळा कसं? आणि पाठीत दहा तलवारी खुपसून पडलेला माणूस मला सल्ला काय देणार?

काजवा
'पडून राहा'?

रानवारा
सल्ला: आता संपलं, सोडून दे. मला तरी सरळ दिसतंय. गोड आठवणींमुळे सोडवत नाहीये, तोच अडथळा.

मोजमाप
तीनपैकी दोन सोर्ड्स आहेत, आणि सोर्ड्स म्हणजे विचार, शब्द, बोलणं. प्रश्नही न बोलण्याचाच आहे. मेजर एकही नाही. तशी शक्यता ३६ टक्के, म्हणजे त्यात नवल नाही, पण वाचणारे यावरून म्हणतील की मामला नशिबाचा वगैरे नसून रोजच्या व्यवहारातला आहे, हातातला आहे.

उंबरठा
आता खरी गंमत आली. निळे, हाच तुझ्या मूळ प्रश्नाचा धडा आहे: जागा कार्डाला वाकवते.

आधी सोपं उदाहरण. फोर ऑफ पेंटॅकल्सचा माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, दोन पायांखाली, एक डोक्यावर. अडथळ्याच्या जागी तो म्हणतो, तू फार घट्ट धरून ठेवलं आहेस. बळाच्या जागी: तुझ्याकडे साठा आहे. सल्ल्याच्या जागी: सध्या हात आखडता घे, आहे ते जप. कार्ड एकच. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. म्हणून गोड कार्डं अडथळा होऊ शकतात आणि भयंकर कार्डं सल्ला देऊ शकतात.

सिक्स ऑफ कप्समध्ये दोन मुलं आहेत. त्यातलं कुणीच मोठं झालेलं नाही. आता तूच सांग, ती मैत्रीण आठवते तेव्हा ती किती वर्षांची असते?

तिठा
अंकही बघा. दोन, सहा, दहा. दोन म्हणजे समोरासमोर दोघं, तोलून धरलेलं. सहा म्हणजे देणंघेणं. दहा म्हणजे त्या रंगाचा शेवट, त्यापुढे नवा एक्काच. दोन सोर्ड्स फुली करून रोखून धरल्या होत्या, त्याच दहा होऊन पडल्या. रोखून धरण्याची परिसीमा. सल्ला म्हणून वाचायचं तर मी म्हणेन: आता आणखी रोखण्यासारखं काही उरलेलं नाही.

जुनं_दप्तर
चित्राबद्दल एक भर. टेन ऑफ सोर्ड्समध्ये आकाश वर काळं आहे, पण क्षितिजाशी पिवळा पट्टा आहे आणि पाणी शांत आहे. पडलेल्या माणसाच्या हाताची बोटं बघा, हायरोफंट या मेजर कार्डावरच्या धर्मगुरूच्या आशीर्वादाच्या हातासारखीच दुमडलेली आहेत. स्मिथबाईंनी त्या भीषण कार्डात हे ठेवलंय.

शंकासूर
बाजूला बसून वाचतोय. एक नोंदवू का? कार्डांनी काहीही 'सांगितलं' असं मला अजून वाटत नाही. पण 'ती आठवते तेव्हा किती वर्षांची असते' हा प्रश्न चांगला आहे, आणि तो सिक्स ऑफ कप्स आल्याशिवाय कुणी विचारला नसता. अशा कामासाठी ही ७८ चित्रं वापरायला माझी हरकत नाही.

निळी_शाई
@उंबरठा, बारा वर्षांची असते. निळ्या रिबिनी, आणि माझ्या वहीत मागच्या पानावर तिची चित्रं.

मी वहीत लिहिलं: 'मला जी परत हवी आहे ती आता कुठेच नाही. आहे ती बाई मला ओळखीची नाही.' इतके दिवस मला वाटत होतं अडथळा म्हणजे ते भांडण. रानवारा म्हणतात तसं 'संपलं' हे खरं, पण काय संपलं? ती मैत्री जशी होती तशी. माणूस संपलेला नाही.

पहिल्यांदाच तीन कार्डांचं एक वाक्य झालं. मी आणि ती, दोघी डोळे बांधून बसलोय. कारण दोघींना जुनंच हवंय. ते गेलं हे एकदा मान्य करायला हवं.

अबोली_मी
मी हे कार्ड बघून सहा महिने घाबरले होते. तेच कार्ड असंही वाचता येतं. मला आज बरं वाटलं.

रानवारा
माझं वाचन मागे घेतो, हे जास्त नेमकं आहे. पण तुमच्या वाचनात ती 'जागा कार्डाला वाकवते' सोबत आणखी एक गोष्ट झाली. तुम्ही तिन्हींना 'कारण' आणि 'म्हणून' लावलंत. जोडायचं म्हणजे तेवढंच असतं.

उंबरठा
अगदी. यावर एक सराव देते, मला फार उपयोगी पडला. डेक सुलटा समोर पसर. कार्डं काढायची नाहीत, निवडायची. काल दिवसभरात जे घडलं ते तीन कार्डांत सांग. मग मोठ्याने म्हण, 'आधी असं होतं, पण असं झालं, म्हणून असं.' महिनाभर. यात अर्थ तुला आधीच माहीत असतो, शोधायचं असतं ते कार्ड. उलट्या दिशेने चाललं की जोडण्याची सवय आपोआप लागते. कोर्ट कार्डंही अशीच पाठ होतात: काल भेटलेल्या माणसांना पेज, नाइट, राणी, राजा लावून बघ.

काजवा
माझे वरिष्ठ: नाइट ऑफ सोर्ड्स. घोडा कधी थांबतच नाही. झाली एक पाठ!

मोजमाप
हा सराव मलाही पटला. धागा वाचनखुणेत टाकला.

नवखी_पाने
उशिरा आले. निळी_शाईंसारखीच शिकाऊ आहे. एक फार बारीक शंका: केल्टिक क्रॉसमध्ये दुसरं कार्ड आडवं ठेवतात. मग ते सुलट की उलट कसं ठरवायचं? डाव्या हाताने ठेवलं तर एक, उजव्याने ठेवलं तर दुसरं.

जुनं_दप्तर
@नवखी_पाने, बारीक नाही, नेमकी शंका आहे. आडव्या कार्डाला वर-खाली नसतं, म्हणून बहुतेक वाचणारे ते कायम सुलटच धरतात.

आणि वेट यांची एक सूचना कामाची आहे. दहावं कार्ड जर कोर्ट कार्ड आलं, तर गोष्ट शेवटी त्या माणसाच्या हातात आहे असं धरून तेच कार्ड मधोमध ठेवायचं आणि नव्याने मांडायचं.

निळी_शाई
पाच आठवड्यांनी परत आले, शंकासूर यांनी सांगितलेली वही तपासून.

तीन कार्डांच्या अठरा मांडण्या झाल्या. त्यातल्या सात मला आता वाचवत नाहीत, इतकं मोघम लिहिलंय. पाच साफ चुकीच्या. सहा अशा, की वाचून मी काहीतरी वेगळं केलं. दोन कार्डांची एक मांडणी स्वतः तयार केली: 'मी काय गृहीत धरलंय' आणि 'ते तसं नसेल तर काय'. सध्या तीच सगळ्यात जास्त वापरते. केल्टिक क्रॉस अजून उघडलेला नाही, पण नुसत्या पाच जोड्या कागदावर काढून ठेवल्यात.

मैत्रिणीला मागच्या रविवारी निरोप पाठवला. जुनं काही काढलं नाही, सध्या काय करतेस एवढंच विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. ते येईल का, हे मांडून बघायचा मोह दोनदा झाला. डेक कपाटात ठेवून किल्ली बहिणीकडे दिली आहे.

उंबरठा
किल्ली परत मागशील तेव्हा पाच कार्डांचा क्रॉस शिकवते. मध्ये एक, चार बाजूंना चार.

काजवा
मलाही. मी खाली बसून कालवत ठेवतो.